एपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम म्हणजे कंपनीतल्या लोकांचे परदेशी दौरे लावून देणं, तिकीट, हॉटेल, व्हिसा, सगळं. आणि या एका कार्डाबद्दल जितके प्रश्न येतात तितके दुसऱ्या कशाबद्दलच येत नाहीत. तेच तेच फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलंय. क्रम काही खास नाही, लोक जसं विचारतात तसंच घेतलंय.

हे कार्ड नेमकं आहे काय?

एपेक म्हणजे पॅसिफिक महासागराच्या काठाकाठाने असलेल्या २१ अर्थव्यवस्थांचा गट, १९८९ मध्ये कॅनबेराला सुरू झालेला. देश न म्हणता अर्थव्यवस्था म्हणतात कारण त्यात हाँगकाँग आणि तैवानही आहेत, तैवान तिथे चायनीज तैपेई या नावाने बसतं. तर या गटातल्या लोकांना कामासाठी सारखं एकमेकांकडे जावं लागतं, दर वेळी नवीन व्हिसा, नवीन फॉर्म, नवीन फी, म्हणून १९९७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्स या तिघांनी मिळून एक प्रयोग सुरू केला की एकदाच तपासणी करू, एकच कार्ड देऊ आणि माणसाला येजा करू देऊ. त्या प्रयोगात बाकीचे हळूहळू येत गेले आणि आज १९ अर्थव्यवस्था पूर्णपणे त्यात आहेत. उरलेल्या दोन म्हणजे अमेरिका आणि कॅनडा, त्यांचं प्रकरण वेगळंय, ते खाली लिहिलंय आणि ते नक्की वाचा कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतात.

कार्डाचे फायदे दोन. जिथली आगाऊ मंजुरी मिळालीय तिथे बिझनेस व्हिसा वेगळा काढावा लागत नाही, आणि मोठ्या विमानतळांवर इमिग्रेशनला एपेकची वेगळी रांग असते तिथून जाता येतं.

म्हणजे हा एक मोठा व्हिसाच झाला ना?

नाही. आणि हे एक वाक्य लोकांच्या डोक्यात बसलं तर माझे अर्धे फोन कमी होतील. कार्ड स्वतः व्हिसा नाहीये. तुम्ही अर्ज केला की तुमची माहिती बाकीच्या अर्थव्यवस्थांकडे जाते, प्रत्येक जण आपापल्या याद्यांमध्ये तुमचं नाव तपासतो आणि हो किंवा नाही कळवतो. ज्याने हो म्हटलं त्याचा तीन अक्षरी कोड तुमच्या कार्डावर येतो, छापील कार्ड असेल तर मागच्या बाजूला. या आगाऊ होकाराला प्रीक्लिअरन्स म्हणतात. ज्याचा कोड आहे तिथे तुमचं कार्ड व्हिसासारखं चालतं, ज्याचा नाही तिथे ते नुसतं प्लास्टिक आहे.

आमच्या एका सहकाऱ्याचं सांगते. पहाटेची फ्लाइट, जकार्ताला मीटिंग, मी स्वतः त्याला सोडायला गेले होते कारण बरोबर सॅम्पलची खोकी होती. चेक-इन काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, कार्ड घेतलं, कार्ड उलटलं आणि मागच्या कोडांवरून नखाने एकेक करत खाली आली, मग परत वर गेली, परत खाली आली. आयडीएन नव्हतं. इंडोनेशियाची मंजुरी तेव्हा यायची होती आणि आम्ही दोघांनीही गृहीत धरलं होतं की कार्ड हातात आलं म्हणजे सगळं झालं. तिने शांतपणे सांगितलं की व्हिसा नसेल तर मी बोर्डिंग पास देऊ शकत नाही, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं, कारण चुकीचा प्रवासी नेला तर परत आणायचा खर्च एअरलाइनच्या अंगावर येतो, दंड होतो तो वेगळाच. खोकी परत गाडीत घातली. तेव्हापासून मी तिकीट काढायच्या आधी कार्डाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवते, पुढच्या बाजूचा नाही.

कोणाला मिळतं?

ढोबळमानाने तीन गोष्टी लागतात. एक, तुमचा पासपोर्ट यातल्या कुठल्यातरी सहभागी अर्थव्यवस्थेचा पाहिजे. दोन, तुम्ही खरोखर व्यापार, गुंतवणूक किंवा सेवांच्या कामासाठी सारखा प्रवास करणारे पाहिजेत आणि ते कागदावर दाखवता आलं पाहिजे, म्हणजे कंपनीचं पत्र, आधीचे दौरे, पुढचे दौरे वगैरे. तीन, कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नको.

आणि काही पेशे नियमातच बाहेर ठेवलेत, ते म्हणजे व्यावसायिक खेळाडू, बातमीदार, कलाकार, गायक-वादक आणि मनोरंजनाच्या धंद्यातले लोक. त्यांचं कामही कामच आहे पण त्यांच्यासाठी प्रत्येक देशात वेगळे व्हिसा असतात, म्हणून ते यात बसवलेले नाहीत. बायको, नवरा, मुलं यांना तुमच्या कार्डावर काहीही मिळत नाही. ते स्वतः वेगळे पात्र असतील तर स्वतःचा अर्ज करायचा.

भारतीय पासपोर्टवर मिळेल का?

नाही. भारत एपेकचा सदस्य नाही. १९९१ पासून भारताने आत येण्याची इच्छा दाखवलेली आहे पण १९९७ मध्ये एपेकने नवीन सदस्य घेणं थांबवलं, पेरू, रशिया आणि व्हिएतनाम हे १९९८ मध्ये आत आलेले शेवटचे.

इथे मला थोडं जोर देऊन सांगायचंय. "पासपोर्ट कुठलाही असू दे, आम्ही कार्ड काढून देतो" असं सांगून पैसे घेणारे लोक आहेत. अजिबात देऊ नका. हे कार्ड सरकारच देतं किंवा सरकारने नेमलेली व्यापारी संस्था देते, आणि पासपोर्टची अट पैशाने हलत नाही. कोणाच्या कष्टाचे पैसे असे गेले की खूप वाईट वाटतं, कारण एक साधा प्रश्न आधी विचारला असता तर वाचले असते.

मी सिंगापूरला किंवा ऑस्ट्रेलियाला पीआरवर आहे, मग?

तरी नाही. पीआर आणि नागरिकत्व यात इथे मोठा फरक पडतो. सिंगापूरचं कार्ड सिंगापूरच्या नागरिकांना, ऑस्ट्रेलियाचं कार्ड ऑस्ट्रेलियन पासपोर्टवाल्यांना. तुम्ही तिकडचं नागरिकत्व घेतलंय, भारताचं ओसीआय कार्ड आहे, तर तुम्ही पात्र होऊ शकता, ओसीआयमुळे काही अडत नाही कारण ते काही पासपोर्ट नाही.

अपवाद हाँगकाँगचा. तिथे कायम रहिवासी असणं ही अट आहे, त्यामुळे तिथले कायमचं ओळखपत्र असलेले पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट असलेले लोकही अर्ज करू शकतात. पण मंजुरी द्यायची की नाही हे शेवटी प्रत्येक अर्थव्यवस्था पासपोर्ट बघूनच ठरवते, म्हणून अशा माणसाच्या कार्डावर कोड कमी असू शकतात. पुन्हा तेच, मागची बाजू बघा.

माझ्याकडे ग्लोबल एंट्री आहे, त्यावर अमेरिकेचं कार्ड मिळेल असं ऐकलं?

अर्धं बरोबर ऐकलंत. अमेरिकेच्या कार्डासाठी ग्लोबल एंट्री, नेक्सस किंवा सेंट्री (आधीच तपासणी करून सीमेवर लवकर सोडण्याच्या सरकारी योजना) यातलं एक सदस्यत्व लागतं हे खरं. पण ते कार्ड फक्त अमेरिकन नागरिकांना. ग्लोबल एंट्री २०१७ पासून भारतीय नागरिकांनाही घेता येते, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की पुढची पायरी आपोआप मिळेल, तर तसं नाही. कॅनडाचंही तसंच, नेक्सस पाहिजे आणि कॅनडाचं नागरिकत्व पाहिजे.

अमेरिका आणि कॅनडाचं वेगळं काय आहे एकदा नीट सांगा ना

हो, हे सविस्तर सांगते.

या दोघांनी योजनेत अर्धवट भाग घेतलाय. अमेरिकेत २०११ मध्ये त्यासाठीचा कायदा झाला, त्या वर्षी एपेकची शिखर परिषदही होनोलुलूलाच होती, आणि २०१४ च्या जूनपासून तिथे अर्ज घ्यायला लागले. पण अमेरिका बाहेरच्या कार्डवाल्यांना व्हिसाऐवजी आत घेत नाही, कॅनडाही नाही. म्हणून समोरच्यांनीही अमेरिकन आणि कॅनेडियन कार्डवाल्यांना प्रीक्लिअरन्स देणं ठेवलेलं नाही. परिणाम असा की अमेरिकन माणसाच्या हातातलं कार्ड म्हणजे फक्त वेगळ्या रांगेचा पास. त्याला कुठे व्हिसा लागत असेल तर तो लागतोच. नाव तेच, दिसायला तसंच, पण काम अर्धं. दोन सहकारी एकत्र प्रवासाला निघतात, एकाचं कार्ड ऑस्ट्रेलियाचं, दुसऱ्याचं अमेरिकेचं, आणि दोघंही समजतात की आपल्याला सारखाच नियम लागू. तो लागू नसतो.

उलट दिशेने बघा. तुमच्याकडे सिंगापूरचं किंवा मलेशियाचं पूर्ण कार्ड आहे आणि तुम्ही अमेरिकेला निघालात, तर कार्डामुळे तिथल्या विमानतळावर वेगळी रांग मिळते आणि व्हिसाची मुलाखत लागणार असेल तर लवकरची तारीख मागता येते, इतकंच. प्रवेशाचा कागद वेगळा लागतो. सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, न्यूझीलंड, ब्रुनेई, चिली, तैवान यांच्या पासपोर्टला इस्टा, म्हणजे व्हिसाऐवजी ऑनलाइन घ्यायची अमेरिकेची परवानगी, चालतो, तर मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, पेरू या पासपोर्टवाल्यांना सरळ व्हिसाच.

आता यातला सगळ्यात फसवा भाग. समजा माणूस चाललाय लिमाला, पेरूला, कार्डावर पेरूचा कोड व्यवस्थित आहे, आणि तिकीट स्वस्त पडलं म्हणून घेतलं लॉस एंजेलिसवरून. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावंच लागतं, तिथे आपल्याकडच्यासारखं आतल्या आत बसून पुढचं विमान पकडता येत नाही, आणि म्हणून इस्टा किंवा ट्रान्झिट व्हिसा हवाच. कॅनडावरून गेलात तरी तिथलं ईटीए (तशीच ऑनलाइन परवानगी) किंवा व्हिसा लागतो. म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणचा कोड आहे आणि वाटेतल्याचा नाही, तर घरूनच निघता येत नाही. दक्षिण अमेरिकेचं तिकीट आलं की मी पहिल्यांदा मधला थांबा कुठे आहे ते बघते, मग भाव.

एका वेळी किती दिवस राहता येतं?

बहुतेक ठिकाणी ६० किंवा ९० दिवस, कितीही वेळा येजा करा. आकडा प्रत्येक अर्थव्यवस्थेचा वेगळा. चीनमध्ये ६०, जपानमध्ये ९०.

लोक विचारतात की आमच्या पासपोर्टला तर तसाही व्हिसा लागत नाही, मग कार्ड कशाला. प्रश्न योग्य आहे. उदाहरण घ्या, सिंगापूर आणि चीनमध्ये ९ फेब्रुवारी २०२४ पासून एकमेकांच्या नागरिकांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. मग चारपाच दिवसांच्या मीटिंगसाठी कार्डाची गरज नाही हे खरं. पण कारखान्यात नवीन लाइन बसतेय आणि करारासाठी दीड महिना तिथे बसून बोलणी करायची आहेत तर ३० दिवस पुरत नाहीत आणि कार्डाचे ६० पुरतात. कोणत्या आधारावर आत जाताय ते इमिग्रेशनला आधीच कार्ड पुढे करून दाखवायचं, आणि पासपोर्टवर शिक्का पडला की तिथून हलायच्या आधी तारीख वाचायची. अधिकाऱ्याने सवयीने ३० दिवसांचा शिक्का मारला आणि तुम्ही ६० धरून बसलात तर नंतर निस्तरायला फार त्रास होतो.

आणि ज्यांच्या पासपोर्टला जास्त ठिकाणी व्हिसा लागतो, फिलिपिन्स, व्हिएतनाम, इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी, त्यांच्यासाठी तर हे कार्ड सोन्यासारखं आहे. सारख्या फेऱ्या असणाऱ्या माणसाचा पासपोर्ट वर्षातले कित्येक आठवडे कुठल्या ना कुठल्या दूतावासात पडून असतो, आणि नेमकं तेव्हाच दुसरीकडे जायची वेळ येते. ते सगळं थांबतं. माझ्या मते कार्डाचा खरा फायदा रांगेत वाचलेल्या वीस मिनिटांचा नाही, पासपोर्ट आपल्याच खिशात राहतो हा आहे.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

आपापल्या घरच्या अर्थव्यवस्थेकडे. ऑस्ट्रेलियात गृह विभाग, सिंगापूरला आयसीए म्हणजे तिथलं इमिग्रेशन खातं, हाँगकाँगला इमिग्रेशन विभाग, अमेरिकेत सीबीपी म्हणजे सीमा आणि कस्टम्सचं खातं, दक्षिण कोरियात तिथली आंतरराष्ट्रीय व्यापार संघटना बघते. एकच अर्ज, पुढे सगळीकडे तेच पाठवतात, तुम्हाला १८ ठिकाणी जावं लागत नाही.

फॉर्म अवघड नाही. चुका होतात त्या नावात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, काहींच्या पासपोर्टवर ते आहे, काहींच्या नाही, कोणाचं आडनाव लग्नानंतर एका कागदावर बदललंय आणि दुसऱ्यावर तेच राहिलंय. तिकीट, पासपोर्ट आणि कार्ड तिन्हीकडे एकच नाव पाहिजे.

किती दिवस लागतात?

घरच्या अर्थव्यवस्थेचं काम त्या मानाने लवकर होतं, वेळ जातो तो बाकीच्यांच्या होकाराला. काही ठिकाणचा होकार पटकन येतो, काही महिने लावतात, आणि घाई करा असं कोणाला सांगता येत नाही. दौरा ठरल्यावर अर्ज करू असं म्हणू नका, दौरे सुरू होणार हे दिसायला लागलं की करून टाका. सगळे होकार यायच्या आधी काही ठिकाणी तात्पुरतं कार्ड देतात, त्यावर तोपर्यंत आलेलेच कोड असतात. नंतर आलेले कोड त्या छापील कार्डावर आपोआप उमटत नाहीत, पूर्ण कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागतं.

मोबाइलमधलं कार्ड घ्यावं की प्लास्टिकचं?

निवड असेल तर मोबाइलमधलं. १ मार्च २०२१ पासून हे व्हर्च्युअल कार्ड सुरू झालं, ऑस्ट्रेलियाने आधी दिलं, मग बाकीचे येत गेले. फायदा हाच की नवीन होकार आला की ॲपमध्ये लगेच दिसतो, आणि एखाद्याने मंजुरी काढून घेतली तरी तेही दिसतं. काढून घेऊ शकतात, हो. कधीही, आणि कारण द्यायला बांधील नसतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी ॲप उघडून बघायचंच.

पण दाखवायचं ते ॲप उघडूनच. स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. आमच्याकडच्या एकीचा फोन उतरल्या उतरल्या बंद पडला, रात्रभराच्या फ्लाइटमध्ये सिनेमे बघून बॅटरी संपलेली, पॉवर बँक चेक-इन बॅगेत घ्यायचीच नसते म्हणून घरीच ठेवलेली. इमिग्रेशनच्या आधी भिंतीला एक चार्जिंगचा पॉइंट होता, तिथे जमिनीवर बसून दहाबारा मिनिटं फोन धरला तेव्हा ॲप उघडलं. तेवढ्यात मागून दोन विमानांची माणसं पुढे निघून गेली आणि तिची वेगळी रांग काही उपयोगाची राहिली नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत न्यायची, इतकंच.

एअरलाइनचा स्टाफ म्हणतो असं कार्ड आम्ही ऐकलंच नाही, काय करू?

होतं असं, विशेषतः लहान विमानतळांवर. वाद घालू नका. काउंटरवर त्यांच्याकडे टायमॅटिक नावाची यंत्रणा असते, कुठल्या पासपोर्टला कुठे काय लागतं ते त्यात असतं, तिथे एपेक कार्डाचा नियमही असतो. शांतपणे म्हणायचं की कृपया टायमॅटिकमध्ये एपेक बिझनेस ट्रॅव्हल कार्ड असं बघा, आणि कोड दाखवायचा. सुपरवायझरला बोलवा म्हणायलाही हरकत नाही. फक्त या सगळ्याला वेळ लागतो, तेव्हा पहिल्यांदा कार्डावर जाणार असाल तर नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

कार्ड असलं की बाकीचे फॉर्म भरायचे नाहीत ना?

भरायचे. कार्ड व्हिसाची जागा घेतं, आगमनाच्या फॉर्मची नाही. सिंगापूरचं ऑनलाइन अरायव्हल कार्ड, मलेशियाचं डिजिटल कार्ड, थायलंडने १ मे २०२५ पासून सुरू केलेलं डिजिटल अरायव्हल कार्ड, जे तुमच्या पासपोर्टला लागू असेल ते भरायचंच. आणि हे सगळे सरकारी साइटवर फुकट आहेत, पैसे मागणारी साइट दिसली की बाहेर पडा.

चीनमध्ये अजून एक लक्षात ठेवण्यासारखं. हॉटेलात उतरलात तर नोंदणी हॉटेलवालेच करतात. पण मित्राकडे किंवा कंपनीच्या फ्लॅटवर राहिलात तर २४ तासांच्या आत स्थानिक पोलिसांकडे नोंदणी करावी लागते. कार्डवाल्यांना यातून सूट नाही.

यावर तिथे काम करता येतं का?

मीटिंग, बोलणी, करार, प्रदर्शन, साइट बघणं, गुंतवणुकीची चाचपणी हे सगळं चालतं. तिथल्या कंपनीकडून पगार घेऊन नोकरी करणं चालत नाही. मधला भाग नाजूक आहे. इंजिनिअर मशीन बघायला गेला, चर्चा केली, ठीक. तोच माणूस ओव्हरऑल घालून तीन आठवडे स्वतः मशीन बसवतोय, तर बऱ्याच ठिकाणी ते काम धरलं जातं आणि वेगळं परमिट लागतं. पाठवणाऱ्या साहेबांना वाटतं की कार्ड आहे ना, जा. अडकतो तो बिचारा इंजिनिअर, त्याच्या नावावर नोंद होते, आणि पुढच्या वेळी कार्डाच्या अर्जात तीच आडवी येते. म्हणून असा दौरा असेल तर मी दोन ओळी लिहून मागते की तिथे जाऊन हाताने काय करणार आहे.

नुसतं फिरायला जायचं असेल तर कार्ड वापरू नका. सुट्टीसाठी जो साधा मार्ग आहे, टुरिस्ट व्हिसा किंवा व्हिसामुक्त प्रवेश, तो घ्या.

वेगळ्या रांगेतून फॅमिलीला नेता येतं का?

हक्काने नाही. कधी कधी अधिकारी लहान मूल बघून जाऊ देतात, पण तो त्यांचा चांगुलपणा, त्यावर अवलंबून राहू नका.

युरोपला चालतं का? आखाताला?

नाही. फक्त सहभागी एपेक अर्थव्यवस्था.

कार्ड किती वर्षं चालतं, आणि पासपोर्ट बदलला तर?

१ सप्टेंबर २०१५ पासून ५ वर्षं, आधी ३ होती. पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर कार्डही तिथेच संपतं. तेव्हा पासपोर्टला दीडदोन वर्षंच उरली असतील तर आधी पासपोर्ट नवीन करा आणि मगच अर्ज करा, नाहीतर पूर्ण फी भरून अर्धंच कार्ड मिळाल्यासारखं होतं.

कार्ड त्या एका पासपोर्ट नंबरला बांधलेलं असतं. पासपोर्टची पानं भरली म्हणून नवीन घेतला, हरवला म्हणून घेतला, कशानेही नंबर बदलला की जुनं कार्ड त्या नव्या पासपोर्टबरोबर चालत नाही, घरच्या खात्याला कळवून बदलून घ्यावं लागतं. दोन नागरिकत्वं असतील तर ज्या पासपोर्टवर कार्ड आहे तोच पासपोर्ट त्या प्रवासात दाखवायचा. आणि कार्ड असलं तरी पासपोर्ट जवळ लागतोच, नुसत्या कार्डावर कोणी आत घेत नाही.

मुदत संपताना आपोआप वाढत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा सगळ्यांचे होकार. त्यामुळे शेवटच्या महिन्यात जागे होऊ नका, निदान सहा महिने हातात ठेवा.

एका ठिकाणी मंजुरी नाकारली तर?

तर तो एक कोड येत नाही, बाकीचं कार्ड चालू राहतं. कारण सांगतीलच असं नाही. पूर्वी कधी तिथे मुदतीपेक्षा जास्त राहिला असाल, व्हिसा नाकारला गेला असेल तर ते निघू शकतं. त्या जागेसाठी नेहमीचा व्हिसा मागता येतोच, आणि मिळतोही बऱ्याच वेळा. आणि हेही सांगून ठेवते, कोड असला तरी शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. कशासाठी आलात, कोणाला भेटणार, परत कधी, हे विचारलं तर सरळ उत्तर द्या, निमंत्रणाचं पत्र आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा.

कार्ड परदेशात हरवलं तर?

घाबरू नका, तुमची मंजुरी यंत्रणेत आहे, प्लास्टिक गेलं म्हणून ती जात नाही. ज्या देशात आहात तिथून बाहेर पडताना पासपोर्ट आणि त्यावरची प्रवेशाची नोंद महत्त्वाची. पण पुढचा टप्पा दुसऱ्या देशात असेल तर कार्डाशिवाय काउंटरवर अडकाल, कारण दाखवायला काहीच नाही. लगेच ज्यांनी कार्ड दिलं त्या खात्याला कळवा, ते जुनं रद्द करतात आणि नवीन देतात किंवा सोय असेल तर मोबाइलवर घ्या म्हणतात. तोपर्यंत पुढच्या टप्प्यासाठी ईव्हिसा निघतोय का ते त्याच संध्याकाळी बघा. आणि दौऱ्याला निघायच्या आधी कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घरच्या कोणाकडे किंवा ऑफिसात ठेवून जा. तो दाखवून प्रवेश मिळणार नाही, पण कार्डाचा नंबर त्यावर असतो आणि रद्द करायला पहिल्यांदा तोच विचारतात.